'शोले'चे दोन शेवट आणि घरच्या प्रेक्षकाचा कौल

वडगाव मावळ : पन्नास वर्षे जुना चित्रपट पुन्हा पडद्यावर येतो, तेव्हा चर्चा बहुधा आठवणींचीच होते. 'शोले'च्या बाबतीत मात्र चर्चेने वादाचे रूप घेतले. १२ डिसेंबर २०२५ रोजी 'शोले : द फायनल कट' या नावाने हा चित्रपट देशभर पुन्हा प्रदर्शित झाला, तो त्याच्या मूळ शेवटासह. या शेवटात गब्बरसिंग पोलिसांच्या स्वाधीन होत नाही. ठाकूर बलदेवसिंग खिळे ठोकलेल्या बुटांनी त्याचा अंत करतो. भारतातील चित्रपटगृहांत हा शेवट दाखविला जाण्याची ही पहिलीच वेळ, असे सांगितले गेले. मावळासारख्या भागातील कित्येक प्रेक्षकांना मात्र त्यात धक्का बसण्यासारखे काही नव्हते. व्हिडिओ कॅसेट आणि पुढे डीव्हीडीच्या कृपेने हा शेवट त्यांच्या घरात केव्हाच पोहोचला होता.

लोणावळा लोकलच्या डब्यात किंवा वडगावच्या चौकात हा विषय निघाला, की एकाच पिढीतील दोन माणसे दोन वेगवेगळे शेवट छातीठोकपणे सांगतात आणि दोघेही खरे बोलत असतात. एकाने चित्रपटगृहात पाहिलेला असतो, दुसऱ्याने घरी. खरा 'शोले' कोणता, हा प्रश्न त्यामुळे केवळ चित्रपटवेड्यांपुरता राहत नाही. घरी चित्रपट पाहणाऱ्याच्या हाती नेमके काय दिले जाते, ते कोण ठरवतो आणि त्याला ते सांगितले जाते का, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

आधी कानांनी, मग डोळ्यांनी

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला, हे सर्वज्ञात आहे. आरंभीचे चित्र मात्र वेगळे होते. पहिल्या काही दिवसांत समीक्षकांनी नाके मुरडली, व्यापारातील जाणकारांनी चित्रपट पडल्याचे जाहीर करून टाकले. 'जंजीर' आणि 'दीवार'मुळे लोकप्रिय झालेल्या अमिताभ बच्चन यांचा जय अखेरीस मरतो, हे प्रेक्षकांना रुचत नसावे, अशी शंका निर्मात्यांना आली. जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा का, यावर तेव्हा गंभीरपणे खल झाला. थोडे थांबून पाहू, असे ठरले आणि ते थांबणे फळाला आले. म्हणजे चित्रपटगृहात दिसलेला शेवट, सेन्सॉरने नाकारलेला शेवट आणि भीतीपोटी सुचलेला पण कधीच चित्रित न झालेला शेवट, अशा तीन शक्यता या कथेभोवती पहिल्यापासून होत्या.

प्रेक्षकांनी आपले मत तिकीट खिडकीवर नोंदविले, तसेच ते घरीही नोंदविले. पॉलिडॉर कंपनीने गाण्यांपाठोपाठ या चित्रपटाच्या संवादांची तबकडी बाजारात आणली आणि तिला अफाट मागणी आली. व्हिडिओ घरोघर पोहोचण्याच्या कितीतरी आधी 'शोले' घरात शिरला, तो असा कानावाटे. चहाच्या टपरीवर, गणेश मंडळाच्या मांडवात, लग्नघराच्या कर्ण्यावर सलीम-जावेद यांचे संवाद ऐकू येत. चित्रपट एकदाच पाहिलेल्या माणसालाही ते पाठ झाले, ते या तबकडीमुळे.

पुढे १९८० च्या दशकात व्हीसीआर आला. तो विकत घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने रंगीत टीव्हीसह एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट पाहायचे, ही महाराष्ट्रातील गावोगावची रीत झाली. कोणती कॅसेट मिळाली आणि तीत चित्रपटाची कोणती प्रत आहे, याची चौकशी कोणी करीत नसे. 'शोले' लागला म्हणजे 'शोले' लागला, एवढेच पुरेसे असे.

एकाच नावाचे दोन चित्रपट

प्रत्यक्षात या नावाखाली दोन वेगळे चित्रपट फिरत होते. १९७५ च्या जून महिन्यात देशात आणीबाणी लागू झाली होती. एका माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन गुन्हेगाराला ठार मारावे, हे सेन्सॉर मंडळाला मान्य होण्यासारखे नव्हते. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा लागला. ऐन क्षणी पोलिस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला अटक होते, हा शेवट त्यातून जन्माला आला. रामलाल ठाकूरच्या बुटांना खिळे ठोकतो तो प्रसंग गेला, इमामसाहेबांचा मुलगा अहमद याच्या हत्येचे दृश्यही गेले.

१९९० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हिडिओ कॅसेटवर ही कापलेली दृश्ये आणि मूळ शेवट असलेली प्रत आली. त्यानंतर निघालेल्या डीव्हीडींमध्ये दोन्ही प्रकार मिळू लागले. सुमारे २०४ मिनिटांची प्रत दिग्दर्शकाची म्हणून ओळखली गेली, तर सेन्सॉरसंमत प्रत सुमारे १८८ मिनिटांची होती. लांबीतील फरक लक्षात येण्यासारखा आहे. चित्राच्या चौकटीतील फरक सहसा लक्षात येत नाही. 'शोले' चित्रित झाला तो ३५ मिलिमीटर फिल्मवर. नंतर चित्राचा वरचा व खालचा भाग छाटून, तो ७० मिलिमीटरवर मोठा करून रुंद पडद्यासाठी तयार करण्यात आला. त्यामुळे चित्रपटगृहातील प्रेक्षकाने रुंद चित्र पाहिले खरे, पण पूर्ण चौकटीच्या कॅसेटवर घरच्या प्रेक्षकाला रामगढचे आकाश आणि जमीन त्याच्यापेक्षा अधिक दिसली. त्या काळचे टीव्ही जवळजवळ चौकोनी असल्याने ते चित्र पडद्यावर नेमके बसतही असे.

म्हणजे चित्रपटगृहात पाहणाऱ्याला भव्यता मिळाली आणि घरी पाहणाऱ्याला कधी कधी जास्तीचा चित्रपट मिळाला. घरी पाहणे म्हणजे कमी प्रतीचे पाहणे, हा समज निदान 'शोले'पुरता तरी पूर्णतः खरा नाही.

प्रेक्षक काय म्हणतात?

दोन्ही शेवट पाहिलेल्यांच्या प्रतिक्रिया ढोबळमानाने तीन गटांत विभागता येतात.

पहिल्या गटाला मूळ शेवटच योग्य वाटतो. त्यांचा युक्तिवाद कथेतूनच येतो. गब्बर याआधी एकदा पकडला गेला होता, तुरुंगात गेला होता आणि तेथूनच पळून येऊन त्याने ठाकूरचे कुटुंब संपविले. अशा माणसाला पुन्हा त्याच तुरुंगात धाडण्यात न्याय कोठे झाला, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय मूळ शेवटात सूड पूर्ण झाल्यावर ठाकूर विजयाने हसत नाही, तो कोसळतो. ज्यासाठी जगलो ते संपले, आता काहीच उरले नाही, ही रिकामी अवस्था सुधारित शेवटात हरवते, असे या प्रेक्षकांना वाटते.

दुसरा गट चित्रपटगृहातील शेवटाच्या बाजूचा आहे आणि त्याचे म्हणणे केवळ सवयीपोटी आलेले नाही. जयच्या मृत्यूनंतर वीरू गब्बरला मारायला निघतो, तेव्हा त्याला ठाकूरच थांबवितो; गब्बरला जिवंत माझ्या हवाली करण्याचे वचन जयने दिले होते, याची तो आठवण देतो. दुसऱ्याला वचनाने बांधणाऱ्या ठाकूरला पुढच्याच प्रसंगात कायदा बांधून घालतो, यात एक प्रमाणबद्धता आहे. पोलिसाची वर्दी अंगावर मिरविलेल्या माणसाने शेवटच्या क्षणी हात आखडता घ्यावा, हा पराभव नसून त्याच्या व्यक्तिरेखेचे पुनरागमन आहे, असे या गटाला वाटते. सेन्सॉरने लादलेली गोष्ट नेहमी वाईटच असते असे नाही, हा त्यातील न बोललेला निष्कर्ष.

तिसरा गट शेवटापेक्षा अहमदच्या प्रसंगाकडे बोट दाखवितो. चित्रपटगृहातील प्रतीत गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो आणि त्यानंतर थेट अहमदचा मृतदेह वाहून आणणारा घोडा गावात येतो. मधले काहीच दिसत नाही. दीर्घ प्रतीत तेथे अहमदवरील अत्याचाराचा भाग अधिक दिसतो. दोन्ही पाहिलेल्यांपैकी अनेकांच्या मते मुंगीचा प्रसंगच अधिक भयंकर आहे, कारण उरलेले काम प्रेक्षकाच्या मनाने करायचे असते. येथे कात्रीने नुकसान केले नाही, उलट चित्रपटाला त्यातील सर्वांत लक्षात राहणारा एक क्षण मिळाला.

हे मत मराठी वाचकाला विशेष वाटावे असे आहे. 'शोले'ला फिल्मफेअर सोहळ्यात एकच पुरस्कार मिळाला होता, तो संकलनाचा, आणि त्याचे मानकरी होते एम. एस. शिंदे. रामगढ गाव उभे करणारे कला दिग्दर्शक राम येडेकर, अहमदची भूमिका करणारे सचिन पिळगावकर, कालियाच्या भूमिकेने अमर झालेले विजू खोटे हे सारे मराठी. पाठीत वार व्हावा तशा वेगाने येणारे मृत्यू आणि त्यांच्या मध्ये पसरलेली शांतता ही शिंदे यांच्या टेबलावरची कामगिरी होती. कोणती प्रत खरी, या प्रश्नाचा विचार करताना दिग्दर्शकाइतकाच संकलकही लक्षात घ्यायला हवा, तो यासाठी.

वेस्टर्नचा वारसा, रामगढचा पेच

'शोले'चे गोत्र परदेशी आहे, हे लपलेले नाही. भाडोत्री योद्धे एका गावाचे दरोडेखोरांपासून रक्षण करतात, हे सूत्र अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ मधील 'सेव्हन सामुराई'चे. त्याचे अमेरिकी रूप १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' म्हणून आले. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर सर्जिओ लिओने यांच्या १९६८ मधील 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची छाया स्पष्ट आहे. गंमत अशी, की लिओने यांच्या त्या चित्रपटालाही अमेरिकेत प्रदर्शित होताना सुमारे वीस मिनिटांची कात्री लागली होती आणि मूळ लांबीचा चित्रपट तेथील प्रेक्षकांना पुढे यथावकाश पाहायला मिळाला. वेस्टर्नपट आणि त्याच्या वेगवेगळ्या प्रती, हे नाते 'शोले'पुरते नाही.

तरीही एक मूलभूत फरक आहे. अमेरिकी वेस्टर्नमधील वस्तीत कायदा अजून पोहोचलेला नसतो; म्हणून बंदूकवाला नायक न्याय करतो आणि मावळतीकडे निघून जातो. रामगढमध्ये कायदा पोहोचलेला आहे. ठाकूर स्वतः त्याचा प्रतिनिधी होता, त्याने गब्बरला कायद्यानेच पकडले होते. येथे प्रश्न कायदा नसण्याचा नाही, तो अपुरा पडण्याचा आहे. म्हणूनच शेवट बदलला, की चित्रपटाचे तात्पर्यच बदलते. मूळ शेवट सांगतो, की यंत्रणा हरली आणि माणसाने हिशेब चुकता केला. सुधारित शेवट सांगतो, की यंत्रणा उशिरा का होईना आली. आणीबाणीच्या दिवसांत यातील कोणते विधान सोयीचे होते, हे वेगळे सांगायला नको.

मावळच्या प्रेक्षकाला या चित्रपटातील घोडे, दगड आणि घाटवाटा ओळखीच्या वाटतात. रामगढचे ते प्रचंड शिलाखंड अर्थातच कर्नाटकातील रामनगरचे आहेत, सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी त्यांचे नाते नाही. मात्र आरंभीचा रेल्वे दरोडा, ज्याच्या चित्रीकरणाला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला, तो घाट उतरून गेल्यावर पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित झाला. वेस्टर्नपटातील सर्वांत वेस्टर्न प्रसंग असा आपल्या उशाशी घडला आहे.

प्रत टिकते कशी?

'फायनल कट'च्या निमित्ताने समोर आलेली एक बाब शेवटाच्या वादापेक्षाही महत्त्वाची आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले, तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह अत्यंत खराब अवस्थेत असल्याचे आढळले. ७० मिलिमीटरची एकही प्रत शिल्लक नव्हती. देशातील सर्वाधिक लोकप्रिय म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटाची ही स्थिती. ब्रिटनमधील एका गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या फिल्मच्या साहित्यावरून, इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेच्या मदतीने काम पूर्ण होण्यास सुमारे तीन वर्षे लागली. २७ जून २०२५ रोजी बोलोन्याच्या महोत्सवात, उघड्या चौकात, ही प्रत प्रथम दाखविण्यात आली. भारतात ती प्रदर्शित होईपर्यंत असरानी आणि धर्मेंद्र हे दोघेही काळाच्या पडद्याआड गेले होते.

वडगावहून लोकलने तासाभराच्या अंतरावर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. चित्रपट जपणे हे किती खर्चाचे, चिकाटीचे आणि अनेकदा उशिरा सुचणारे काम आहे, याची जाणीव पुणे जिल्ह्याला इतरांपेक्षा अधिक असायला हवी. 'शोले'सारख्या धनवान चित्रपटाचे निगेटिव्ह सडते, तेथे लहान मराठी चित्रपटांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

शेवट कोणाच्या मालकीचा?

हा वाद आजच तीव्र होण्यास आणखी एक कारण आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी 'रांझणा' या २०१३ मधील चित्रपटाची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' नव्याने प्रदर्शित झाली. तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने शेवट बदलून मरणारा नायक जिवंत दाखविण्यात आला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष या दोघांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. १९७५ मध्ये जयला जिवंत ठेवायचे तर सर्व कलावंतांना बोलावून पुन्हा चित्रीकरण करावे लागले असते. त्या अडचणीमुळेच विचार करायला उसंत मिळाली. आज ती अडचण उरलेली नाही. संगणकासमोर बसून काही दिवसांत जयला जिवंत करणे शक्य आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला मान्यता आहे, दिग्दर्शकाला नाही. प्रत कोणती बाजारात आणायची, याचा निर्णय हक्कधारकाकडे जातो तो त्यामुळे. दुसरीकडे, चित्रपटगृहातील प्रदर्शनासाठी सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ओटीटी मंचांना मात्र २०२१ च्या नियमांनुसार स्वतःच वर्गीकरण करायचे असते. डीव्हीडी कपाटात राहते, पण ओटीटीवरील प्रत रातोरात बदलली तर प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. कॅसेटच्या काळात दोन प्रेक्षक आपापल्या आठवणी ताडून पाहू शकत होते. उद्या ताडून पाहायला जुनी प्रतच हाताशी नसेल, हा धोका आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. चित्रपट सुरू होण्यापूर्वी ही कोणती प्रत आहे, केव्हाची आहे, तिची लांबी किती आणि तीत काय बदलले आहे, हे पडद्यावर स्पष्टपणे लिहिलेले असावे. औषधाच्या वेष्टनावर तारीख असते, तितके साधे हे काम आहे. दुसरे असे, की मूळ शेवटाची प्रत आली म्हणून चित्रपटगृहात गाजलेली प्रत मागे सारली जाऊ नये. दिग्दर्शकाच्या मनातील चित्रपट तो पहिला. पण कोट्यवधी लोकांनी पाहिलेला, पाठ केलेला आणि आपला मानलेला चित्रपट तो दुसरा. तो आणीबाणीच्या काळातील सेन्सॉरशाहीचा दस्तऐवजही आहे. एक कलाकृती म्हणून आणि दुसरा इतिहास म्हणून, दोन्ही जतन व्हायला हवेत आणि दोन्ही घरच्या प्रेक्षकाला मागता क्षणी मिळायला हवेत.

गब्बर मरावा की तुरुंगात जावा, यावर एकमत होणार नाही आणि ते होण्याची गरजही नाही. पन्नास वर्षांनंतर दोन माणसे एका चित्रपटाच्या शेवटावरून लोकलच्या डब्यात भांडतात, यातच त्या चित्रपटाची ताकद आहे. त्यांना भांडता यावे यासाठी दोन्ही शेवट शिल्लक ठेवणे, एवढी जबाबदारी चित्रपटाचे हक्क बाळगणाऱ्यांनी आणि तो घरोघर पोहोचविणाऱ्यांनी पार पाडली, तरी पुरे आहे.